रेंज गेली वाडीत!

गावच्या घरातून ऑफिस चालवायचं, तर आधी वाय-फाय ओटीवरून पंपाच्या खोलीपर्यंत पोचायला हवं. दिवेआगरच्या एका वाडीतला चार महिन्यांचा हा उद्योग.

सोमवार, सकाळचे साडेनऊ. स्क्रीनवर अकरा चौकोन, त्यातल्या एकात मी. क्लायंट पुण्यात, बॉस अंधेरीत, बाकीचे कुठं कुठं. मी बोलायला तोंड उघडलं आणि तसाच राहिलो. म्हणजे मी आपला बोलतच होतो, पण बाकी दहा जणांना दिसत होता आ वासून गोठलेला एक माणूस. चाळीस सेकंदांनी परत हललो, तेव्हा बॉसचं वाक्य शेवटाला आलं होतं : '...नाहीतर मग सरळ ऑफिसलाच ये.'

आठवड्यातली ही तिसरी खेप. त्यामुळे बॉसवर चिडायलाही तोंड नव्हतं.

प्रॉब्लेम असा, की ऑफिसला जाणं म्हणजे काकूला एकटं टाकून जाणं. २०२५ च्या श्रावणात विहिरीपाशी शेवाळावरून पाय घसरला आणि तिचं उजवं मनगट मोडलं. दीड महिना प्लास्टर, पुढं हाताचे व्यायाम. 'चल मुंबईला' असं आम्ही सगळ्या पुतण्यांनी म्हणून बघितलं. 'तिथं येऊन काय करू? डाव्या हातानं लिफ्टची बटणं दाबू?' विषय संपला. मग आम्ही पाळ्या लावल्या आणि गणपतीपासूनची पहिली, सगळ्यात लांब पाळी माझ्याकडे आली. का, तर मी आयटीवाला. 'त्याचं काय, त्याचं काम कुठूनही होतं!'

कुठूनही होतं, हे खरं. फक्त 'कुठूनही'मध्ये दिवेआगरची पंपाची खोली येते का, हे कुणी विचारलं नव्हतं.

ओटी ते पंपाची खोली

दिवेआगरला कधी गेला असाल तर तिथली घरं आठवा. तोंड रस्त्याकडे. अंगण, ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागची पडवी. मग विहीर. विहिरीपलीकडे नारळी-पोफळीची वाडी, तिच्या टोकाला सुरूचं बन आणि मग समुद्र. घर रुंदीला बेताचं आणि लांबीला आगगाडी. इंटरनेटची फायबर केबल येते रस्त्यावरच्या खांबावरून, त्यामुळे ती बसवणाऱ्या माणसानं राउटर ओटीवर, दाराच्या वरच्या फळीवर ठोकला आणि तो निघून गेला. त्याच्या दृष्टीनं काम झालं होतं.

पण ओटीवर काम कसं करणार? तिथं टीव्ही आहे, येणारे-जाणारे आहेत. शनिवार-रविवारी काकूच्या दोन खोल्यांत उतरलेले पर्यटक तिथंच बसून 'बीच किती लांब?' विचारतात. शांत जागा एकच, वाडीच्या टोकाची पंपाची खोली. दहा बाय दहा, चिऱ्याच्या भिंती, वर पत्रा, एक टेबल, एक पंखा. मागच्या पडवीपासून सरळ रेषेत ४५ मीटर. २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत, मी तिथूनच चार महिने काम केलं होतं आणि एकदाही कॉल तुटला नव्हता. म्हणून यंदाही बिनधास्त लॅपटॉप घेऊन तिथं बसलो आणि गोठलो.

आता कुठलाही इंजिनीअर करेल तेच मी केलं. मोबाइलवर सिग्नल मोजायचं फुकटातलं अॅप टाकलं आणि घरभर फिरलो. (काकू म्हणाली, 'काय रे, पाणी शोधतोयस का जमिनीतलं?') फोनवरच्या काड्या बघून काही कळत नाही, आकडा बघायचा. तो डीबीएममध्ये असतो आणि नेहमी उणे असतो. शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. व्हिडिओ कॉल नीट चालायला साधारण उणे ६७ किंवा त्याहून बरा आकडा लागतो. उणे ८० च्या खाली गेलात की देवाचं नाव घ्या.

ओटीवरच्या राउटरचा हिशोब असा निघाला : खुद्द ओटीवर उणे ४२, माजघरात उणे ६३, स्वयंपाकघरात उणे ७४. पंपाच्या खोलीत दारात उभं राहिलं तर उणे ८८, खुर्चीत बसलं की गायब. हे आकडे शाळेतल्या मार्कांसारखे वाचायचे नाहीत. दर दहाला सिग्नल दहापट पडतो. उणे ४२ ते उणे ८८ म्हणजे सुमारे चाळीस हजार पट क्षीण! ओटीवर बेंजो वाजतोय आणि मागं मुंगीची पावलं ऐकायची, असा मामला.

भिंत मध्ये येते

तुम्ही म्हणाल, आम्ही राहतो ठाण्यात टू-बीएचकेत, आमची कुठली वाडी! पण तुमच्या बेडरूममध्ये रेंज नाही त्याचं कारणही हेच आहे, फक्त भिंती पातळ आहेत. राउटरला दिवा समजा. मधोमध, उंचावर टांगलेला कंदील सगळीकडे उजेड देतो. कोपऱ्यात, चपलांच्या कपाटात ठेवलेला देत नाही. बऱ्याच घरांत राउटर टीव्हीच्या मागं किंवा लोखंडी कपाटावर असतो. धातूमागं अंधार पडतोच, आणि आरशाच्या मागचा पातळ मुलामाही धातूचाच. फिश टँकही असाच छुपा शत्रू, कारण पाणी या लहरी पिऊन टाकतं. पैसे खर्च करण्याआधी राउटर दोन मीटर हलवून बघा. लांब केबल हवी असेल तर ती राउटरपेक्षा खूप स्वस्त मिळते.

दुसरी गोष्ट, बॅंड. राउटर दोन बॅंडवर बोलतो, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिला जरा हळू, पण भिंतीतून बरा शिरतो. दुसरा जाम फास्ट, पण दोन भिंतींत दम टाकतो. सोसायटीत सगळ्यांचे राउटर २.४ वर एकमेकांच्या अंगावर बोलत असतात. तिथं १, ६ आणि ११ हे तीनच चॅनेल एकमेकांना धक्का न लावता चालतात, तेव्हा शेजारी कुठल्यावर आहेत ते बघून तुमचा निवडा. मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४ च्या आसपासच चालतो. रोज दुपारी डबा गरम करताना नेट रडत असेल तर ते भूत नव्हे.

सर्वसामान्यांना हे २.४ गिगाहर्ट्झचं मैदान परवान्याशिवाय, घराबाहेरही मोकळं झालं ते जानेवारी २००५ मध्ये. ५ गिगाहर्ट्झच्या बऱ्याचशा पट्ट्याला अशी मोकळीक मिळायला २०१८ चा ऑक्टोबर उजाडावा लागला. मोकळीक म्हणजे वाट्टेल तेवढा जोर नव्हे, मर्यादा आहेत. आणि मोबाइलच्या सिग्नलचे 'बूस्टर' म्हणून जे डबे विकले जातात, ते हे नव्हेत. ते विनापरवाना लावणं बेकायदा आहे, कारण त्यांच्यामुळे आजूबाजूच्या सगळ्यांच्या फोनची वाट लागते. घरात मोबाइलला रेंज नसेल पण वाय-फाय असेल, तर फोनच्या सेटिंगमध्ये 'वाय-फाय कॉलिंग' सुरू करा. साधा कॉल वाय-फायवरून जातो. काकूच्या फोनवर ते सुरू केल्यापासून ती फोन घेऊन अंगणात पळत नाही, हा या उद्योगातला पहिला आणि फुकटचा फायदा. शेवाळावरून पळणं बंद झालं हे काय कमी आहे?

चिऱ्याच्या भिंतीचं मात्र काही करता येत नाही. जांभा दगड सच्छिद्र असतो, पावसाळाभर ओल धरून बसतो. त्या फूट-दीड फुटाच्या ओल्या भिंती एकामागं एक चार आल्या की राउटर कितीही महागाचा घ्या. त्यातून 'जास्त पॉवरचा राउटर' ही कल्पनाच थोडी फसवी आहे. वाय-फाय म्हणजे रेडिओ नव्हे, हे संभाषण आहे. राउटर मोठ्यानं ओरडेल हो, पण तुमचा मोबाइल कुजबुजतच उत्तर देणार, आणि ते उत्तर राउटरला ऐकू जायला हवं. काड्या फुल्ल आणि नेट शून्य, यामागं बऱ्याचदा हेच असतं.

एक गंमत सांगतो. मुंबईहून दिवेआगरला जायचे रस्ते दोन-तीन आहेत. मला आवडतो तो मांडव्याला उतरून अलिबाग, मुरूड, मग आगरदांड्याला जंगलजेट्टीत गाडी घालून दिघी. या वाटेवरच्या अलिबागेत एक वेधशाळा आहे. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी आधी मुंबईत कुलाब्याला व्हायच्या. शहरात विजेची ट्राम येणार म्हटल्यावर त्या विजेनं नाजूक उपकरणं बिघडतील म्हणून संचालक नानाभॉय फ्रामजी मूस यांनी १९०४ मध्ये हे काम अलिबागला हलवलं, आणि तिथल्या इमारतीसाठी चुंबकत्व नसलेला पोरबंदरी दगड निवडून आणला. शंभर वर्षांपूर्वी माणसं सिग्नलच्या त्रासातून सुटायला या किनाऱ्यावर आली, आणि आम्ही त्याच किनाऱ्यावर सिग्नल शोधत हिंडतोय.

२०२१ चा फोटो

चार भिंतींचा तिढा मी २०२१ मध्येच सोडवला होता. ओटीवरच्या राउटरमधून एक लॅन केबल काढली. चिऱ्याला भोक पाडायच्या भानगडीत न पडता ती माळ्यावर चढवली आणि कौलांखालून पार मागच्या पडवीपर्यंत नेली. तांब्याची ही केबल १०० मीटरपर्यंत तक्रार करत नाही. पडवीच्या खांबावर, पावसापाण्यात टिकणारा एक बाहेरचा अॅक्सेस पॉइंट लावला, तोंड पंपाच्या खोलीकडे. तेव्हा खोलीत आकडा होता उणे ६१. मी लिहून ठेवलाय, असल्या सवयी असतात आम्हाला.

तोच डबा, तीच केबल, तोच खांब. २०२५ मध्ये आकडा उणे ८०.

डबा खराब झाला असणार, असं धरून मी तो काढला, पुसला, जोडणीच्या पिना बघितल्या. समुद्राच्या हवेनं हिरव्या झाल्या होत्या. नवीन कनेक्टर ठोकला, तोंड खाली ठेवून, म्हणजे पाणी आत उतरत नाही. आकडा उणे ७९. फर्मवेअर अपडेट केलं. उणे ७९. कस्टमर केअरच्या मुलीनं मला राउटर बंद करून चालू करायला सांगितलं. केला. उणे ७९.

उत्तर सापडलं ते फोनच्या गॅलरीत. २०२१ च्या जूनमधला एक फोटो होता, पडवीतून काढलेला. त्यात विहीर दिसते, पंपाची खोली दिसते, खोलीच्या मागं सुरूचं बन आणि फटीतून चक्क समुद्राची राखाडी रेघ. आता मी त्याच जागी उभा होतो आणि समोर हिरवी भिंत होती. खोली सोडाच, विहिरीपलीकडे दहा पावलांवरचंही दिसत नव्हतं.

३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर. मुंबईकरांना ते 'थोडक्यात वाचलो' म्हणून आठवतं. रायगडच्या किनाऱ्याला तसं आठवत नाही. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड या पट्ट्यातल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाड्या एका दुपारी आडव्या झाल्या. वीज गेली, फोन गेले आणि कित्येक दिवस आलेच नाहीत. आमच्या वाडीत तीन माड आणि कडेच्या काही पोफळी उभ्या राहिल्या. काका तेव्हा सत्तरीत होते. फोन लागायला लागला तेव्हा त्यांचं पहिलं वाक्य होतं, 'अरे, ओटीवरून समुद्र दिसतोय!' ते हसत होते की काय करत होते, मला कळलं नाही.

म्हणजे २०२१ मध्ये मला जी मस्त रेंज मिळत होती, ती त्या दुपारची देणगी होती. मध्ये झाडंच नव्हती.

त्याच पावसाळ्यापासून काकांनी रोपं लावायला सुरुवात केली. पोफळीची रोपं उन्हात करपतात, म्हणून सावलीला मध्ये मध्ये केळी. पोफळ फळाला यायला पाच-सात वर्षं लागतात, तोवर वाडी म्हणजे नुसता खर्च. २०२३ मध्ये काका गेले. झाडं वाढत राहिली. २०२५ च्या पावसात ती डोक्यावरून वर गेली होती आणि केळीची पानं पडवीपासून खोलीपर्यंत एकमेकांत गुंतली होती. रोपं पाण्यानं भरलेली, पानांवर पाण्याचा थर, वरून पाऊस. फिश टँक आठवला ना? इथं ४५ मीटर लांबीचा होता.

आगाऊ मध्यस्थ

मी ऑनलाइन एक रिपीटर मागवला. दिवेआगरला कुरियर यायला पाच दिवस. विहिरीच्या कट्ट्यापाशी मीटर बॉक्सच्या आडोशाला तो लावला आणि खोलीत जाऊन बघतो तर काड्या फुल्ल! बॉसला मेसेज टाकला, 'सॉर्टेड.' दुपारच्या कॉलला आवाज तुटक तुटक, आणि मी बोललेलं सगळ्यांना दोन सेकंदांनी.

रिपीटर म्हणजे लग्न जमवताना मध्ये बसणारे ते काका. मुलीकडचे बोलले की हे ऐकणार, मग तेच वाक्य मुलाकडच्यांना सांगणार. ते सांगत असताना बाकीच्यांनी गप्प बसायचं. साधा, एकाच बॅंडवर चालणारा रिपीटर एकाच चॅनेलवर ऐकतो आणि बोलतो, म्हणजे निम्मा वेळ नुसता पुनरुच्चारात जातो. दोन बॅंडचा असेल तर एकावर ऐकतो, दुसऱ्यावर बोलतो, जरा बरं. पण ज्या जागी तो बसलाय तिथंच सिग्नल फाटका असेल तर तो फाटकाच पुढं सरकवतो, फक्त मोठ्या आवाजात. माझं तेच झालं होतं. खोलीतल्या काड्या रिपीटरच्या होत्या, त्याच्या आणि पडवीच्या मध्ये केळी होत्याच. म्हणून रिपीटर लावायचा तर निम्म्या वाटेवर, जिथं अजून आकडा चांगला आहे तिथं. अंधाऱ्या खोलीत लावून उपयोग नाही.

मेश म्हणतात ते याचंच सुशिक्षित भावंडं. तीन-चार डबे, सगळ्यांचं नाव एक, तुम्ही चालत गेलात की फोन आपोआप जवळच्याला चिकटतो. फ्लॅटमध्ये छान चालतं. पण तिथंही डबे आपसांत हवेतून बोलतात की तारेतून, यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. दुकानदार हे सांगत नाही, कारण त्याला डबे विकायचे असतात, तार नाही.

मग माझ्या डोक्यात आलं, उंच जाऊ. पडवीवर एक खांब, खोलीवर एक खांब, दोन्हींवर एकमेकांकडे तोंड केलेले अँटेना, झाडांच्या डोक्यावरून. आमच्या लहानपणी गच्चीवरचा टीव्हीचा अँटेना फिरवत 'आलं का?' 'नाही, मुंग्याच!' चालायचं, तो खानदानी अनुभव गाठीशी होताच. पण लहरी सुतासारख्या सरळ रेषेत जात नाहीत. दोन टोकांमध्ये त्यांचा आकार पखवाजासारखा असतो, टोकांना निमुळता, मध्ये फुगीर. ४५ मीटरला, २.४ गिगाहर्ट्झवर, मधला फुगवटा साधारण २.४ मीटर व्यासाचा भरतो. तो बराचसा मोकळा हवा. याला फ्रेनेल झोन म्हणतात, आणि दीपगृहातलं प्रसिद्ध भिंग ज्याच्या नावाचं आहे तोच हा फ्रेंच माणूस. म्हणजे खांब झाडांपेक्षा चांगलाच उंच हवा. झाडं दरवर्षी वाढणार. मी कोकणातल्या वाऱ्यात दरवर्षी खांब वाढवत बसणार, आणि वीज पडायला गावातली सगळ्यात उंच लोखंडी जागा आमची. बाद.

उरला सोपा उपाय. मधल्या चार केळी आणि दोन पोफळी काढल्या की फट मोकळी. मी हे काकूला जेवताना सांगितलं, अगदी सहज. ती डाव्या हातानं ताक ओतत होती.

'कुठल्या दोन?'

मी बोट दाखवलं.

'त्या यांनी लावल्यात. पुढच्या वर्षी धरतील.' ताक ओतून झालं. 'तुला नेट पाहिजे ना? मग जमिनीखालून ने. पाणी नाही का जात?'

आता बोला! कॉम्प्युटरमधली डिग्री माझी.

पाटाच्या कडेनं

वाय-फायची रेंज वाढवायची म्हणजे वायर वाढवायची, हे सरळ सत्य आम्ही लोक शेवटी का स्वीकारतो कोण जाणे. हवेतून न्यायची ती फक्त शेवटची खोली.

पण कुठली वायर? लॅन केबलला ६० मीटर काहीच नाहीत. तरी इथं ती नको. तांबं वीज वाहतं, आणि दोन वेगळ्या बांधकामांमध्ये तांब्याची लांब तार पुरली की जवळ कुठं वीज पडली तरी झटका त्या तारेतून दोन्हीकडची यंत्रं घेऊन जातो. आमच्याकडे मेमधला वळीव आणि ऑक्टोबरमधला परतीचा पाऊस गडगडाटाशिवाय येत नाही. शेजारच्या घरी असाच टीव्ही, सेट टॉप बॉक्स आणि मोटरचा स्टार्टर एका रात्रीत गेला. म्हणून ऑप्टिकल फायबर. काच आहे, वीज वाहत नाही, गंजत नाही, खाऱ्या हवेला भीक घालत नाही. फक्त घेताना आत लोखंडी तार नसलेली मागायची.

फायबर म्हटलं की लोक दचकतात, पण हे प्रकरण आता केबलवाल्याच्या पातळीवर आलंय. दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर नावाचे दोन छोटे डबे लागतात, जोडी दीड-दोन हजारांत. ते काचेतला प्रकाश परत लॅन केबलमध्ये उतरवतात. इथं मी माती खाल्ली. एकाच काचेतून जाणं-येणं करणाऱ्या डब्यांची जोडी वेगवेगळी असते. एक ज्या रंगात बोलतो त्या रंगात दुसरा ऐकतो, एक 'ए' आणि एक 'बी'. मी दोन्ही 'ए' मागवले. दोघंही बोलणारे, ऐकणारा कुणीच नाही. पुन्हा कुरियर, पुन्हा सहा दिवस. त्या काळातले कॉल मी पडवीतल्या पिंपावर लॅपटॉप ठेवून घेतले. पुण्याच्या क्लायंटला आमच्या गाईचं नाव पाठ झालं.

दिवाळी झाली, जमीन अजून मऊ होती. खणायची जागा काकूनंच ठरवली, वाडीतल्या पाटाच्या कडेनं, कारण तिथं नांगर-पहार चालत नाही आणि उद्या कुणी नवं झाड लावायला खड्डा घेणार नाही. दीड फूट खोल, वळणासकट साठेक मीटर. गडी आणि मी. त्याचे पन्नास मीटर, माझे दहा, आणि फोड मात्र माझ्या हाताला. चरात वाडीला पाणी द्यायचा काळा पाइप टाकला आणि फायबर त्यातून ओवलं, म्हणजे घुशीनं कुरतडलं तर आधी पाइप कुरतडेल. काच वळवताना सांभाळायचं. बांगडीच्या गोलापेक्षा लहान वळण दिलं की प्रकाश बाहेर सांडतो. आणि उघड्या टोकात डोळा लावून 'उजेड येतो का' बघायचं नाही. तो उजेड डोळ्याला दिसत नाही, पण इजा करू शकतो.

टोकं जोडायला गावातला केबलवाला मुलगा आला. पाठीवरच्या सॅकमध्ये स्प्लाइसिंग मशीन. केसाएवढी काच सोलली, कापली, मशीनमध्ये ठेवली, छोट्या पडद्यावर दोन टोकं एकमेकांसमोर आली, एक ठिणगी, झालं. काकूनं चहा गाळेपर्यंत दोन्हीकडची टोकं तयार होती. वयानं विशीतला. २०२० मध्ये वादळानंतर गावभर पडलेल्या तारा गोळा करताना हे काम शिकलो, म्हणाला.

पडवीवरचा बाहेरचा अॅक्सेस पॉइंट काढून खोलीत आणला, टेबलाच्या वर टांगला. उणे ४०. पत्र्याच्या छपराचा इथं उलटा फायदा, सिग्नल वर उडून जात नाही. राहिली वीज. तासाभरासाठी जाणारी वीज गावाला नवीन नाही, पण कॉलला ती कळते. ओटीवरच्या राउटरला आणि दोन्ही डब्यांना ते छोटे बॅटरीवाले यूपीएस लावले, तळहाताएवढे. लॅपटॉपची बॅटरी असतेच. वीज गेली तरी चौकोनातला मी हलत राहतो. मोठं वादळ आलं आणि रस्त्यावरचे खांबच झोपले, तर यातलं काहीच चालणार नाही, हेही माहीत आहे.

पुढच्या सोमवारी साडेनऊला मी पूर्ण वाक्य बोललो. कुणी काही म्हटलं नाही. ऑफिसात याहून मोठी दाद नसते. मार्गशीर्षात माझी पाळी संपून चुलत बहिणीची सुरू झाली. ती अकाउंट्समध्ये आहे. तिनं आल्या आल्या खोलीत पडदा लावला आणि टेबल खिडकीकडे फिरवलं.

मी निघायच्या आदल्या संध्याकाळी काकू विहिरीच्या कट्ट्यावर बसून मनगटाचा व्यायाम करत होती, मऊ चेंडू दाबायचा, सोडायचा. समोर फोन, त्यावर फिजिओथेरपिस्टचा व्हिडिओ, मध्येच फिरणारं चक्र.

'इथं अडकतंय बघ,' ती म्हणाली. 'तुझ्या खोलीत येतं, विहिरीवर का नाही?'

मी अॅप उघडलं. उणे ७६. खोलीची खिडकी विहिरीकडे आहे आणि मध्ये केळीच्या दोनच रांगा. डबा खिडकीच्या चौकटीवर सरकवला, तोंड विहिरीकडे केलं, परत आलो.

उणे ६९.

'फिरतंय का अजून?'

'गप,' काकू म्हणाली, 'ती बाई मोजतेय.'